मानव विकासाच्या परिषदेसाठी सारांश पाठवताना : माझा अनुभव

ह्यूमन डेव्हलपमेंट अँड केपेबिलिटी असोसिएशन ही मानव विकासाच्या अभ्यासकांची संघटना २००४ साली स्थापन झाली. अमर्त्य सेन तिचे पहिले अध्यक्ष होते आणि त्यांच्यानंतर तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांनी ते पद सांभाळले. तिची वार्षिक परिषद २००८ साली नवी दिल्लीत झाली होती. २०२४ ची परिषद कोलकात्यात भरणार असे कळले, तेव्हा पुण्यातील कचरावेचक महिलांवरील माझ्या पीएच.डी.च्या कामातला एक भाग तिथे मांडायचे मी ठरवले.

सारांश लहानसाच लिहायचा होता, पण प्रबंधाच्या अख्ख्या प्रकरणापेक्षा जास्त विचार त्याने करायला लावला. उत्पन्न, कर्ज आणि मुलांच्या शिक्षणाची आकडेवारी असलेला मसुदा वाचून मार्गदर्शक बाईंनी विचारले, “उत्पन्न वाढल्यावर त्या बाईला पूर्वी करता येत नव्हते असे नेमके काय करता येऊ लागले?” सेन यांच्या मांडणीचा गाभा हाच आहे. माणसाजवळ साधने किती, यापेक्षा त्या साधनांच्या जोरावर त्याला मोलाचे वाटणारे जगणे कितपत जगता येते, हे ते पाहतात आणि त्यालाच ‘क्षमता’ म्हणतात. दोघींना सारखीच ढकलगाडी दिली, तरी जिच्या वाट्याला चढाची गल्ली आणि दुखरे गुडघे आलेले असतात, तिला त्या गाडीचा तेवढा उपयोग होत नाही.

गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात बसून मी मुलाखतींच्या वह्या पुन्हा वाचून काढल्या. औंधच्या एका शेडमध्ये पुठ्ठा आणि दुधाच्या पिशव्या वेगळ्या करता करता एका मावशींनी प्लॅस्टिकच्या पाकिटातले ओळखपत्र मला दाखवले होते. “आधी वॉचमन गेटावरूनच हाकलायचा. आता चौथ्या मजल्यावरच्या मॅडमना मी सांगते, की सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका करा,” असे त्या म्हणाल्या होत्या. १९९३ पासून काम करणाऱ्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेने वेचकांना ओळखपत्रे मिळवून दिली, हे मला माहीत होते. मात्र त्या ओळखपत्रामुळे आलेली बोलण्याची हिंमत माझ्या कोणत्याही तक्त्यात बसत नव्हती. चारचौघांत लाज न वाटता वावरता येणे हीसुद्धा क्षमताच आहे, हा मुद्दा सेन ॲडम स्मिथचा आधार घेऊन मांडतात. माझा सारांश अखेर त्याच मुद्द्याभोवती उभा राहिला.

सारांश स्वीकारला गेला, पण परीक्षकांनी एक प्रश्न कळवला : या क्षमता महत्त्वाच्या आहेत हे ठरवले कोणी, संशोधिकेने की त्या महिलांनी? नुसबॉम यांनी मध्यवर्ती दहा क्षमतांची यादीच दिली आहे, तर सेन अशी कायमची यादी ठरवायला नकार देऊन निवड सार्वजनिक चर्चेवर सोपवतात. हा वाद मी पुस्तकांतून पुष्कळ वाचला होता, पण आता तो माझ्याच कामापुरता सोडवायचा होता. म्हणून मी पुन्हा शेडमध्ये गेले आणि सगळ्याजणींना एकत्र बसवून विचारले. माझ्या टिपणात कुठेच नसलेली एक गोष्ट त्यांनी सर्वांत वर ठेवली, ती म्हणजे कामाच्या वेळेत लघवीला जायला जागा. ती मिळत नाही म्हणून कित्येकजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि उन्हाळ्यात त्याचा फार त्रास होतो. यशदा या पुण्यातील शासकीय प्रशिक्षण संस्थेने तयार केलेल्या २०१२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात पुणे जिल्हा निर्देशांकात वरच्या गटात आहे, पण जिल्ह्याच्या सरासरीत ही तहान दिसणार तरी कशी?

संघटनेचे सदस्यत्व आणि नोंदणी यांचे काम त्यामानाने लवकर उरकले. पैसे परदेशी चलनात भरायचे असल्याने बँकेने कार्डावरचा व्यवहार आधी अडवला, तेव्हा कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहाराची सोय अगोदरच सुरू करून घेतलेली बरी. संघटनेत शिक्षण, आरोग्य अशा विषयांचे अभ्यासगटही आहेत. पुण्यातून पहिल्यांदाच सारांश पाठवणाऱ्यांनी आपल्या विषयाच्या गटातील अलीकडची चर्चा आधी वाचावी, असे मी आग्रहाने सांगेन.

कोलकात्याला जाण्यापूर्वी निबंधाचा मराठी गोषवारा मी शेडमध्ये वाचून दाखवला. महिलांनी त्यातला शौचालयांचा भाग वेगळा लिहून मागितला, कारण तो त्यांना वॉर्ड ऑफिसात द्यायचा होता.