केरबा आणि त्याची बहीण

मी मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, वाचते. 2023 पासून मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि आम्हा मोडीवाल्यांना उसंत राहिली नाही. लोक जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं आणि गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या नकला घेऊन येतात, आम्ही देवनागरीत उतरवून खाली सही करतो. सगळ्यांची नजर जातीच्या रकान्यावर. नावाच्या रकान्याकडं कुणी बघत नाही.

त्या दिवशी करवीर तालुक्यातले एक काका आले होते. मी वाचलं, "केरबा." काका लगेच म्हणाले, "न्हाई मॅडम, केशव असणार. पणजोबा केशवराव. फोटोखाली लिवलंय आमच्या घरात."

मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायची. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत, आणि 'र' तर शेजारी कोण बसलंय त्यावर रूप बदलतो. म्हणून शंकेला जागा असते. पण त्या मास्तरांचा हात फार सुरेख होता. त्यांचा 'र' मी भिंगाखाली त्याच पानावरच्या आणखी चार नावांशी ताडून पाहिला. केरबाच.

"तेवढं केशव करता येतंय का बघा की," काका हळू आवाजात म्हणाले. गिऱ्हाईक सांगेल ते लिहून देणारे आमच्यात आहेत, आणि त्यांच्यापायी खऱ्या नोंदींवरही संशय घेतला जातो, याचा मला मनापासून राग येतो. आजच्या, 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातही मूळ नोंद खोडत नाहीत. दुरुस्ती समासात लिहून सही-तारीख घालतात. मी नाही म्हणाले आणि नोंदवहीची पानं घेतली.

मृत्यूच्या बाजूला त्याच बापाच्या नावापुढं लिहिलं होतं: मुलगा, वय 9 दिवस. पुढं मुलगी, 2 महिने. परत मुलगा, 11 दिवस. तिघांनाही नाव नाही. त्यानंतर जन्माच्या बाजूला केरबा.

पोरं जगत नसली की नव्या बाळाला केरात नाहीतर उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणायचे आणि नाव केरबा ठेवायचे. दगडू, धोंडू, भिकाजी ही त्याच घरातली नावं. नथू म्हणजे मुलगी वाटावी म्हणून नाक टोचलेला. असल्या टाकाऊ पोरावर काळाची नजर जाऊ नये, एवढीच त्या आईची धडपड. हे सांगितल्यावर काकांनी 11 दिवसांच्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग म्हणाले, "केरबाच लिवा."

इथं काम संपलं होतं. पण रजिस्टरच्या नकलांत पुढचं एक पान जास्तीचं आलं होतं, त्यावर त्याच बापाच्या तीन मुली. गंगू, हौसा, आणि तिसरी नकुशा. हौसेनं मागितलेल्या पोरीच्या पाठीवर नको असलेली. शाळा सोडल्याचं कारण, 'गैरहजर'.

काकांना नकुशा नावाचं कुणी माहीत नव्हतं. गंगू-हौसाची नावं ऐकून होते. तिसरी म्हणजे रखमाआज्जी, गडहिंग्लजकडं दिलेली. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात. तिथंच जुनं पुसलं गेलं असणार.

केरबाचं नाव ऐकून माझ्या पोटात कालवलं होतं, पण ते मायेनं ठेवलेलं होतं. नकुशाच्या नावात काळाला फसवणं नाही, ते जसंच्या तसं खरं आहे. देवानं आता तरी मुलगा द्यावा म्हणून असं नाव ठेवतात, हे स्पष्टीकरण मी शंभर वेळा ऐकलंय आणि मला ते कधीच पटलेलं नाही. हाक तर त्या पोरीलाच मारायची ना, रोज? 2011 साली शेजारच्या साताऱ्यात 285 नकुशांना एकाच समारंभात नवी नावं दिली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याचजणी शाळेत जाणाऱ्या होत्या.

मी दोन्ही नोंदी दोन वेगळ्या कागदांवर उतरवल्या. दुसऱ्याचे पैसे घेतले नाहीत. काका म्हणाले, "रखमाआज्जीची नातवंडं हायती. त्यास्नी सांगू का?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी केरबाचा कागद घडी करून खिशात ठेवला, नकुशाचा टेबलावरच राहिला. परवा मी फोन करून आठवण करून दिली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे की मॅडम, तुमच्याकडंच."