ट्रेच्या तळाची खरवड

इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या शेफिल्डला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. त्यातले आठ नाताळ आम्ही शेजारच्या आजींकडे जेवलो. यंदा ऑक्टोबरात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. काठी घेऊन अंगणात फेऱ्या मारताना दिसायला लागल्या तेव्हा बायको म्हणाली, या वेळचं जेवण आपल्याकडे. आजी लगेच हो म्हणाल्या. बजावलं एवढंच, "टर्की थोडी कोरडी झाली तरी चालेल, लव्ह. ग्रेव्ही मात्र घरची कर." यॉर्कशायरची जुनी माणसं भाजीवाल्यापासून बस ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात.

आजींच्या कपाटात बिस्टोचा डबा कायम असतो. १९०८ साली बाजारात आलेला हा ब्रँड इथल्या घराघरात आहे. दाणे कपात घालायचे, उकळतं पाणी ओतायचं, ढवळायचं, झाली ग्रेव्ही. एरवी सॉसेज आणि मॅशवर, म्हणजे कुस्करलेल्या बटाट्यावर, आजी तीच घेतात आणि आवडीनं खातात. पण वर्षातून एकदा अख्खा पक्षी भाजायचा आणि ट्रेमध्ये उतरलेला रस साबणानं धुऊन टाकायचा, हे त्यांना सहन होत नाही. मला ते लगेच कळलं. मी कोल्हापूरचा. मटणाचं अळणी पाणी सांडलं तर आई दिवसभर हळहळायची.

तयारी नोव्हेंबरातच सुरू केली. दर रविवारी एक कोंबडी भाजायची आणि तिची ग्रेव्ही करून बघायची.

पहिल्या रविवारी गुठळ्या झाल्या. ट्रेमधल्या रसात गरम पाणी घातलं, उकळी आली, वरून मैदा भुरभुरला. क्षणात वाटाण्याएवढे गोळे तरंगायला लागले. रवी फिरवली, गाळलं, तरी कच्च्या पिठाची चव गेली नाही. रात्री भांडी घासताना वाटलं, हे मला माहीत असायला हवं होतं. पीठ पेरून पिठलं करताना हात थांबला की हेच होतं. उकळत्या पाण्यात पिठाचा पुंजका पडला की त्याचं बाहेरचं अंग तत्काळ शिजून चिकट होतं, आणि आतलं पीठ कोरडंच कोंडून राहतं. मग कितीही ढवळा, पाणी आत शिरत नाही. यावर इथला उपाय म्हणजे पीठ आधी चरबीत परतायचं. प्रत्येक कणाला चरबीचा लेप बसला की कण एकमेकांना धरत नाहीत, सुटे सुटे फुगतात. बेसनाच्या लाडवाला पीठ तुपात भाजतो तेच काम, तितकं वेळखाऊ मात्र नाही. मैदा मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतला, बिस्किटासारखा वास सुटला, रंग फिकट बदामी झाला की थांबायचं. जास्त तांबूस केला तर चव खमंग होते, पण रस्सा दाट करायची पिठाची ताकद कमी होते. मग पीठ वाढवावं लागतं.

दुसऱ्या रविवारी ग्रेव्ही कडू झाली, आणि ती चूक सगळ्यात महागाची होती, कारण करपलेल्या खरवडीला काहीही उपाय नाही. कोंबडीखाली कांदा आणि गाजराचे जाड तुकडे पसरले होते, पण ट्रे मोठा होता. मोकळ्या जागेत उतरलेला रस आटला, काळा पडला. मला वाटलं काळा म्हणजे चविष्ट. आजींना वाटीभर नेऊन दिली. त्यांनी चमचा चाटून शांतपणे सांगितलं, "तपकिरी असतं ते घ्यायचं, काळं असतं ते टाकायचं." त्यानंतर मी ट्रे पक्ष्याच्या मापाचाच घेतो, आणि भाजत असताना दर पाऊण तासानं डोकावतो. तळ कोरडा दिसला की कपभर पाणी.

तिसऱ्या वेळी चव जमली पण वर बोटभर तवंग आला. आमच्याकडे रश्श्यावर कट हवाच असतो, इथे त्यालाच बिघडली म्हणतात. पीठ जेवढी चरबी धरतं तेवढीच आत राहते, उरलेली तरंगते. तेव्हापासून वजनकाटा ओट्यावरच असतो. अर्ध्या लिटर रसाला ३० ग्रॅम चरबी आणि ३० ग्रॅम मैदा.

डिसेंबर उजाडेपर्यंत एक गोष्ट मनाशी पक्की झाली. ग्रेव्हीची जवळजवळ सगळी मेहनत आदल्या दिवसांत उरकता येते, आणि उरकायलाच हवी. टर्की बाहेर काढल्यापासून पानं वाढेपर्यंत जेमतेम तासभर मिळतो. त्यात शून्यातून सुरुवात केली की घाई होते, आणि घाईत गुठळ्या.

२३ तारखेला स्टॉक, म्हणजे ग्रेव्हीत घालायचा हाडांचा रस, लावला. किलोभर चिकनचे पंख, दोन कांदे, दोन गाजरं, सेलरीचा दांडा, सगळं २०० अंशांवर तासभर खरपूस भाजलं. कांद्याची सालं ठेवली, रंग छान येतो. मग मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी, तमालपत्र, थाइमच्या काड्या, मिरीचे दाणे. मीठ अजिबात नाही. खाटकाकडून टर्की आणली तेव्हा तिच्या पोटात एक छोटी पिशवी होती, मान, पेठा, हृदय आणि कलेजी. मान, पेठा आणि हृदय पातेल्यात टाकलं. कलेजी मात्र वेगळी काढली, ती उकळली की रसाला उग्र, कडसर चव येते. ती लोण्यात परतून, मिरपूड घालून मी आणि मुलीनं उभ्या उभ्याच खाल्ली.

तीन तास मंद आचेवर, मग गाळून फ्रीजमध्ये. सकाळी वर पांढरी चरबी सायीसारखी धरली होती आणि खालचा रस थलथलत होता. पायाचं सूप थंडीत गोठतं तसाच. पंखांमध्ये आणि मानेत हाडं, कातडी, सांधे भरपूर, त्यातलं जिलेटिन उतरतं. हा गुळगुळीतपणा नुसत्या मैद्यानं येत नाही, म्हणून स्टॉकसाठी पंख घ्यायचे. वरची चरबी काढून वाटीत ठेवली. टर्कीनं ऐनवेळी दगा दिला तर पीठ परतायला ती हाताशी असावी.

२५ डिसेंबरला आठ माणसं होती. ३ वाजता टीव्हीवर राजाचं भाषण लागतं, आणि त्याच्या आत जेवण आटोपून गोडावर यायचं ही आजींच्या घरची शिस्त. म्हणजे दीडला पानं. साडेबाराला टर्की बाहेर काढली, मांडीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसून ७४ अंश बघितले, तिला फळीवर ठेवून वर फॉइल सैल पांघरलं. ओव्हन बटाट्यांना आणि यॉर्कशायर पुडिंगना मोकळा झाला. ही पुडिंग गोड नसतात, मैदा, अंडी आणि दुधाचं पातळ पीठ भाजून फुगवलेली असतात.

आता ट्रे. रस एका उंच भांड्यात ओतला आणि पाच मिनिटं थांबलो. चरबी वर आली, ती पळीनं काढून मोजली, ६० ग्रॅम. रिकामा ट्रे दोन शेगड्यांवर आडवा ठेवला. तळाला तपकिरी थर घट्ट चिकटला होता. लहानपणी बासुंदीच्या पातेल्याची खरवड कुणी खायची यावर आम्हा भावंडांची भांडणं व्हायची. ही त्याच जातीची वस्तू. कपभर स्टॉक ओतला आणि लाकडी उलथन्यानं खरवडत राहिलो. थर सुटायला लागला तसा स्वयंपाकघरात जो वास पसरला, त्यासाठी बाहेरच्या खोलीतून माणसं उठून आत आली. डब्यातल्या ग्रेव्हीला हा वास नाही, तो फक्त या थरात असतो.

पातेल्यात चरबी, त्यात मैदा, चार मिनिटं. मग पहिली पळी स्टॉक, पूर्ण जिरेपर्यंत ढवळायचं, तो पेस्टसारखा गोळा होतो, घाबरायचं नाही. दुसरी पळी, तिसरी, मग धार मोकळी. ट्रेमधला तपकिरी रस गाळून वरून. एकही गुठळी नाही.

इथे एक चूक झालीच. इंग्रज बायका बटाटे उकडलेलं पाणी ग्रेव्हीला वापरतात, आजींनीच सांगितलं होतं. मी दीड कप घातलं, पण बटाट्यांच्या पाण्यात आपल्या सवयीनं मूठभर मीठ होतं. दहा मिनिटं आटवून चाखलं तर खारट. बायको म्हणाली, कणकेचा गोळा सोड. पण तो थोडं पाणी शोषतो, राहिलेलं तेवढंच खारट राहतं. बिनमिठाचा स्टॉक बाजूला अर्धा लिटर उरला होता, तो घातला. पातळ झाली म्हणून चमचाभर कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून सोडलं. स्टॉकमध्ये मीठ घातलं असतं तर आठ माणसांची ग्रेव्ही त्या दिवशी गेली होती.

शेवटी चव बघताना काहीतरी आंबट हवंसं वाटलं. आजी खुर्चीतून म्हणाल्या, "हेंडोज." म्हणजे हेंडरसन्स रेलिश, एक पातळ आंबटसर सॉस, १८८५ पासून शेफिल्डमध्ये बनतं, या गावात ते घरोघरी असतं. मी नऊ वर्षं बाटली बघतोय, त्या दिवशी पहिल्यांदा मागची चिठ्ठी वाचली. चिंच. लवंग. बायकोला हाक मारून दाखवली. दोन चमचे घातलं आणि ग्रेव्ही एकदम जागेवर आली. आईची चिंचेची बुटकुली आठवली.

ग्रेव्ही बोट, म्हणजे ग्रेव्ही वाढायचं नावेच्या आकाराचं भांडं, उकळत्या पाण्यानं विसळून गरम केली, कारण थंड चिनीमातीत ग्रेव्ही लगेच आळते आणि वर साय धरते. त्याच कारणानं ती हवी त्यापेक्षा किंचित पातळच उतरवली.

यॉर्कशायर पुडिंग आधी, नुसतं ग्रेव्हीबरोबर, ही इथली जुनी रीत. मांस महाग होतं तेव्हा पोट अर्धं यानंच भरायचं. आजींनी पुडिंगच्या खळग्यात काठोकाठ ग्रेव्ही ओतली, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग बोट परत पुढे ओढली आणि म्हणाल्या, "मिरी जरा जास्त आहे." आणि पुन्हा ओतली.

पावणेतीनला बोट रिकामी होती. पातेल्यात जेमतेम दोन वाट्या उरली, ती बरणीत भरून आजींकडे पोचवली. २६ तारखेला संध्याकाळी त्यांनी फोन करून मुलीला बोलावून घेतलं. ओव्हनमधून नुकत्याच काढलेल्या जाड चिप्स, त्यावर गरम केलेली ती ग्रेव्ही. दोघींनी मांडीवर ताटल्या घेऊन टीव्हीसमोर संपवली. आमच्या ओट्यावर तोपर्यंत टर्कीचा सांगाडा पातेल्यात घालून, पाणी ओतून मी पुन्हा गॅस लावला होता.