‘तिथे असणे’ पोर्तुगीजमध्ये विचारताना

उत्तर पोर्तुगालमधील ज्या प्रयोगशाळेत मी काम करतो, तिथे आभासी वास्तवाचा हेडसेट उतरवल्याबरोबर माणसाच्या हाती 14 विधानांचा कागद दिला जातो. ‘इग्रुप प्रेझेन्स क्वेश्चनेअर’ ही प्रश्नावली मूळची जर्मन. शुबर्ट, फ्रीडमन आणि रेगेनब्रेख्त यांनी 2001 साली ती मांडली, आणि त्या खोट्या जगात आपण खरोखर आहोत असे कितपत वाटले, हे ती 7 पायऱ्यांच्या मापावर विचारते. पोर्तुगीज लोकांवर तपासलेली आवृत्ती 2016 मध्ये प्रसिद्ध झाली.

चावी, साबण, पगार हे शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतले, या भरवशावर मी इथे आलो. पण अडचण येते ती ‘असणे’सारख्या साध्या क्रियापदाशी. ‘मी मराठी आहे’ आणि ‘मी घरी आहे’ या दोन्हींना आपल्याला एकच ‘आहे’ पुरते. पोर्तुगीजमध्ये पहिल्यासाठी ‘सेर’ आणि दुसऱ्यासाठी ‘इश्तार’ लागते. त्यामुळे ‘तिथे असल्याची’ जाणीव विचारताना ही भाषा उलट अधिक नेमकी ठरते. आजूबाजूच्या खोलीचे भान किती होते, हे विचारताना मात्र ती अडखळते, कारण ‘कोंशिएन्सिया’ या शब्दात जाणीव आणि सदसद्विवेक दोन्ही येतात. आपला ‘भान’ हा दोन अक्षरी शब्द तिथे किती सोयीचा ठरला असता!

खरी कसोटी नकारार्थी विधानांची. न वाचता खुणा करणारे सापडावेत म्हणून ती घातलेली असतात, पण माझ्या मते त्यांचा त्रास मन लावून वाचणाऱ्यांनाच अधिक होतो. सत्तरीच्या एक बाई, गालांवर हेडसेटच्या कडांचे वळ घेऊन, ‘आभासी जागेत मी हजर आहे असे मला वाटले नाही’ या ओळीवर थांबल्या. “म्हणजे वाटले असेल, तर असहमत म्हणायचे का?” अर्थ समजावला तर उत्तरावर माझी छाप पडते, म्हणून विधान पुन्हा वाचून दाखवण्यापलीकडे मला काही करता येईना. बराच वेळ पेन्सिल हवेत धरून अखेर त्यांनी मधल्या 4 वर खूण केली.

हेडसेटमध्ये त्या उंचावरच्या एका अरुंद फळीवरून चालल्या होत्या. कागद परत देऊन दाराकडे निघताना त्यांनी सतरंजीची कड आधी बुटाच्या टोकाने चाचपली आणि मगच पाऊल टाकले.