फिनिक्सच्या चुनखडीत बाग: गिल्बर्टमध्ये लँडस्केपर शोधतानाचा माझा अनुभव

मूळची मी सांगोल्याची. २०२२ च्या शेवटी आम्ही गिल्बर्टला घर घेतलं, अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्सच्या पूर्वेला आहे ते, आणि मागचं अंगण म्हणजे नुसती उघडी माती, तिन्ही बाजूंनी ब्लॉकची भिंत आणि एका कोपऱ्यात आधीच्या मालकाचं गॅसवरचं ग्रिल. घाईघाईत ओळखीतून एक हँडीमन, म्हणजे किरकोळ कामं करणारा, मिळाला, त्याने ९५० डॉलर घेतले आणि दोन मेस्कीट, एक पालो व्हर्दे लावून गेला. इथे मजुरी आणि सामान धरून १००० डॉलरच्या आतलं काम असेल आणि परमिट लागत नसेल तर बिनलायसन्सचा माणूस करू शकतो, त्यामुळे आम्हाला वाटलं की ठीक आहे, झाडंच तर लावायचीत.

मग २०२३ चा उन्हाळा आला. ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४३ अंश सेल्सियस, किंवा त्याच्या वर होता. त्यातही झाडं कशीबशी टिकली, पण मान्सूनच्या एका वादळात मोठं मेस्कीट मुळासकट आडवं झालं. बाहेर जाऊन बघते तर मुळांचा गोळा कुंडीतून काढावा तसा गोल, एकही मूळ बाहेर गेलेलं नाही, आणि खड्ड्याच्या तळाला पांढराफटक टणक थर. अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, त्यांची आयुष्यभर डाळिंबाची बाग. त्यांनी दोन सेकंद बघितलं आणि म्हणाले, "अगं ती चुनखड हाय. मुळी खाली जायची कशी? खड्डा फोडलाच न्हाई त्यानं."

इथे त्याला कलीची म्हणतात. नाव वेगळं, पण माती आपल्याकडचीच म्हणायची, म्हणजे पाणी खाली मुरत नाही, मुळं गोल फिरत बसतात आणि पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हँडीमनने नंतर फोन उचलला नाही, आणि लायसन्सच नव्हतं तर तक्रार करून काम दुरुस्त करून घेणार कुणाकडून.

म्हणून दुसऱ्यांदा नीट करायचं ठरवलं. अ‍ॅरिझोनात रजिस्ट्रार ऑफ काँट्रॅक्टर्स म्हणून सरकारी खातं आहे, सगळे आरओसी म्हणतात. त्यांच्या साईटवर लायसन्स नंबर टाकला की लायसन्स चालू आहे का, कोणत्या कामाचं आहे, बाँड म्हणजे हमीची रक्कम आहे का, तक्रारी आहेत का हे सगळं फुकट दिसतं. घराच्या अंगणातलं पेव्हर, ड्रिपची पाइपलाइन वगैरे कामाला आर-२१ लागतं किंवा सीआर-२१. नुसतं सी-२१ म्हणजे फक्त कमर्शियल, घरासाठी चालत नाही, आणि आम्ही विचारलेल्यांपैकी एकाचं नेमकं तेच निघालं. लायसन्सवाल्याने काम बिघडवलं तर दोन वर्षांच्या आत आरओसीकडे तक्रार करता येते, आणि तरीही नुकसान भरून निघालं नाही तर त्यांच्या रिकव्हरी फंडातून एका घरामागे ३०,००० डॉलरपर्यंत मिळू शकतात. हे आधी माहीत असतं तर ते ९५० डॉलर मी कधीच दिले नसते.

पहिला कोटवाला, म्हणजे खर्चाचा आकडा द्यायला बोलावलेला, आला, चाकाच्या मीटरने अंगण मोजलं आणि दहा मिनिटांत ९,२०० चा आकडा सांगितला. कोटवरचा लायसन्स नंबर आरओसीवर टाकून बघितला तर भलत्याच कंपनीचं नाव. विचारलं तर म्हणे माझ्या कझिनचं लायसन्स आहे, आम्ही एकत्रच काम करतो. लगेच नाही म्हटलं. नुसता नंबर चालू आहे एवढं बघू नका, नाव जुळतंय का तेही बघा.

दुसऱ्याचे कागद चोख होते, पण प्लॅनमध्ये सगळी झाडं, झुडपं आणि कॅक्टस एकाच व्हॉल्व्हवर! मोठ्या झाडाला पाणी दोन-तीन फूट खोल जायला हवं पण कधीतरीच, कॅक्टसला ८-१२ इंचांत भागतं, मग एका व्हॉल्व्हवर एकतर झाड तहानलेलं राहणार नाहीतर कॅक्टस सडणार. शिवाय खडीखाली प्लास्टिक अंथरणार होता. इथे वर्षाला जेमतेम ७-८ इंच पाऊस, तोही मातीत जाऊ द्यायचा नाही म्हणजे काय!

तिसरा आला तो हातात लोखंडी पहार घेऊन. मला तिथेच बरं वाटलं. त्याने चार ठिकाणी पहार मारून बघितली, दोन छोटे खड्डे खणले, पाण्याने भरले आणि म्हणाला चार तासांनी पाणी किती उतरलं त्याचा फोटो पाठवा, निदान चार इंच तरी उतरायला हवं. एका खड्ड्यातलं पाणी छान उतरलं, दुसऱ्यात जवळपास तसंच. शिवाय सकाळ, दुपार, संध्याकाळ सावली कुठे पडते तेही विचारलं, कारण पश्चिमेचं ऊन लागणारी भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते आणि तिथे मला हवं असलेलं लिंबाचं झाड भाजून निघालं असतं. त्याचा कोट ११,६०० चा. नवरा म्हणाला महाग आहे, मी म्हटलं ह्याने माती बघितली, बाकी कुणी बघितली का?

काँट्रॅक्ट मी दोनदा वाचलं. लायसन्स नंबर, काम संपायची अंदाजे तारीख, आगाऊ किती, पुढचे हप्ते कधी, आरओसीकडे तक्रारीचा हक्क, हे सगळं १००० च्या वरच्या कामात लेखी असावंच लागतं. त्यात मी प्रत्येक झाडाचं नाव आणि साइज घालून घेतली आणि व्हॉल्व्ह दोन, हेही लिहून घेतलं.

एक सग्वारो पण हवा होता, तो उंच खांबासारखा कॅक्टस. ओळखीतल्या एकाने स्वस्तात आणून देतो म्हणून सांगितलं, पण इथे सग्वारो कायद्याने संरक्षित आहे, मूळ जागेवरून हलवायचा तर राज्याच्या शेती खात्याचं परमिट आणि टॅग लागतो. टॅग आहे का विचारल्यावर तो परत बोललाच नाही. आमच्या लँडस्केपरने टॅगवाला आणला, त्यावर खडूने दक्षिणेची बाजू मार्क केलेली होती, कारण दिशा बदलून लावला तर सावलीत वाढलेली बाजू उन्हात येऊन करपते. हे ऐकून अण्णा एवढे खूश झाले की दोनदा सांगायला लावलं.

खणायच्या आधी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या लाइनी दाखवणाऱ्या सेवेला कळवलं, ते येऊन वीज लाल, गॅस पिवळा, पाणी निळा अशा रंगांनी खुणा करून जातात. पण त्या खुणा मीटरपर्यंतच्याच असतात! मीटरपासून ग्रिलपर्यंत गेलेली गॅसची लाइन त्यांच्यात येत नाही, ती शोधायला वेगळा लोकेटर बोलवावा लागला, त्याचे पैसे वेगळे गेले पण बरं झालं, कारण लाइन नेमकी पालो व्हर्देच्या नव्या जागेखालून जात होती.

लागवड ऑक्टोबरच्या शेवटी केली, उन्हाळ्यापर्यंत मुळं धरायला वेळ मिळावा म्हणून. चुनखड जॅकहॅमरने फोडली, एका ठिकाणी थर फुटेचना तर झाड सहा फूट बाजूला घेतलं. शेवटचा चेक द्यायच्या आधी मी दोन्ही व्हॉल्व्ह चालू करून एकेक ड्रिपर बघत फिरले, दोन बंद निघाले, त्याने तिथेच बदलले.

२०२४ चा उन्हाळाही कडक गेला, पण पालो व्हर्दे आता भिंतीच्या वर गेलंय. झाड पसरेल तसे ड्रिपर खोडापासून लांब, पसाऱ्याच्या कडेला न्यायचे असतात, हे लँडस्केपरने सांगितलं आणि अण्णांनीही. ते अजून दर रविवारी फोनवर पहिलं तेच विचारतात, "ड्रिपर सरकावला का गं?"