शेवटची चूक कोणती?

एका विमान कंपनीसाठी मी वैमानिकांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेते. त्या दिवशी तेवीस वर्षांचा एक मुलगा संगणकावरच्या चाचण्यांत सगळ्यांच्या पुढे होता. हातात जॉयस्टिक, पडद्यावर सतत निसटणारं वर्तुळ, कानात आकडे आणि मध्येच तोंडी हिशेब. यात प्रत्येकाचं काहीतरी सुटतंच, सुटल्यावर माणूस काय करतो ते आम्ही बघतो. हा पठ्ठ्या आकडा चुकला तरी वर्तुळ सोडत नव्हता.

मग त्याची व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली हातात आली आणि मी थबकले. तिच्यात काही विधानं मुद्दाम पेरलेली असतात. 'मला कधीच राग येत नाही', 'मी कधीच खोटं बोललो नाही', अशी. हाडामांसाच्या माणसाला या सगळ्यांना 'हो' म्हणता येत नाही. यानं म्हटलं होतं.

ही लपवाछपवी मला का खुपते, ते सांगते. २४ मार्च २०१५ला जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या सहवैमानिकानं कॅप्टनला कॉकपिटबाहेर ठेवून विमान आल्प्सच्या डोंगरावर घातलं. १५० माणसं गेली. डॉक्टरांनी त्याला आजारपणाची रजा लिहून दिली होती, ती त्यानं कंपनीला कळू दिली नाही. लायसन्स जाईल ही भीती माणसाला गप्प बसवते, आणि त्या गप्प बसण्याची किंमत मागे बसलेले प्रवासी मोजतात.

मुलाखतीत विचारलं, "तुमची शेवटची चूक कोणती?"

"नथिंग मेजर, मॅम."

मी नुसती थांबून राहिले. बऱ्याच वेळानं तो मराठीत बोलायला लागला. "मॅडम, क्लासच्या सरांनी सांगितलंय, चूक कबूल करायची नाही."

"आणि सरांनी सांगितलं नसतं तर?"

मग हळूहळू बाहेर आलं. सोलो उड्डाणात उतरताना सेसना धावपट्टीवर आपटून दोनदा उसळलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. यानं विमान जागेवर लावलं, खोलीवर गेला, पण जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच विमानातून एक ज्युनियर जाणार होता. रात्री नऊ वाजता यानं इंजिनिअरचं दार वाजवलं. भरपूर बोलणी खाल्ली. सकाळचं उड्डाण रद्द झालं, चाकं, नोजगिअर म्हणजे पुढच्या चाकाचा सांगाडा, सगळं तपासलं. काही निघालं नाही.

म्हणजे त्याच्याकडची सगळ्यात मोलाची गोष्टच त्याला लपवायला शिकवली होती! मला त्या सरांचा मनापासून राग आला.

"मॅडम, हे तुम्ही लिहिणार?"

"लिहिणार."

त्याचा चेहरा उतरला. प्रश्नावलीतली उत्तरं शिकवलेली आहेत, ती धरू नयेत, असा शेरा मला द्यावाच लागला. पण अहवालात त्याच्याही आधी, पहिल्याच परिच्छेदात, रात्री नऊ वाजता वाजवलेलं ते दार आहे.