ऑसम की एस्टीम?

निवृत्त होणाऱ्या आमच्या वरिष्ठ बाईंना निरोपाच्या चार ओळी इंग्रजीत लिहायच्या होत्या. दहा मिनिटांचं काम, पण अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

पहिल्या झटक्यात उतरलं, 'आय होल्ड यू इन द हायेस्ट एस्टीम'. जरा छाती फुगली. पुन्हा वाचलं तर थेट श्रद्धांजलीच! बाई चांगल्या ठणठणीत आहेत. खोडलं. मग लिहिलं, 'यू आर ऑसम'. पण हे तर मी सकाळीच, लिफ्टचं दार धरून ठेवणाऱ्या एका पोराला म्हणालो होतो. तेही खोडलं. 'आय लुक अप टु यू' म्हणताना मी आठ वर्षांचा झाल्यासारखा वाटलो आणि 'आय थिंक द वर्ल्ड ऑफ यू' म्हणजे एकदम गळ्यातच पडल्यासारखं.

मराठीत हे अडत नाही. 'तुम्ही' म्हटलं की आदराचं निम्मं काम झालेलं असतं, पुढचा शब्द साधा असला तरी चालतो. इंग्रजीतही एके काळी जवळच्यांसाठी 'दाउ' होतं. ते रोजच्या बोलण्यातून गेलं आणि लहानथोर सगळ्यांच्या वाट्याला एकच 'यू' आला. मग मानाचं सगळं ओझं बाकीच्या शब्दांवर. माझ्यासारख्याला तो 'यू' अगदीच उघडाबोडका वाटतो, म्हणून त्याच्या अंगावर मी जड शब्दांची शाल घालत सुटतो.

शाली मुबलक आहेत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच बसली आणि सामान्यांच्या घरात, शेतात इंग्रजीच राहिली. त्या वाटेने आणि पुढे थेट लॅटिनमधूनही भारदस्त शब्द येत गेले. 'लुक अप' घरचं, 'एस्टीम' दरबारी. आणि या दरबारी 'एस्टीम'चं कूळ काढावं तर तो निघतो 'एस्टिमेट'चा सख्खा भाऊ. दोघांचं मूळ किंमत ठरवण्यात. म्हणजे मी बाईंना अदबीने कळवत होतो की तुमची बोली सगळ्यात वरची लागली आहे.

अनौपचारिक शब्दांची पूर्वपीठिका तर विचारूच नका. 'ऑसम'मधला 'ऑ' म्हणजे धडकी भरवणारा आदर. 'टेरिफिक' आणि 'टेरिबल' एकाच भीतीची लेकरं. 'नाइस' हा तर लॅटिनमधल्या 'अजाण' अशा अर्थाच्या शब्दापासून निघालेला, आणि मध्ययुगातल्या इंग्रजीत त्याचा अर्थ चक्क मूर्ख! त्यातल्या त्यात 'ॲडमायर' मला आवडला. त्याच्या मुळाशी थक्क होऊन बघणं आहे. 'मिरॅकल'ही त्याच घरातला. आपल्या 'कौतुका'च्या पोटातही कुतूहलच असतं. फक्त आपलं कौतुक बहुतेक वेळा वरून खाली वाहतं. साहेबांना 'तुमचं मला कौतुक वाटतं' म्हणायला जीभ अडखळते, 'ॲडमायर' मात्र खालून वरही बिनदिक्कत चढतो.

तरी तोही लिहिला नाहीच. रात्री उशिरा मी लिहिलं की 'नाही' कसं म्हणायचं हे मी तुमच्याकडून शिकलो. एका बैठकीत वरून आलेली अशक्य मुदत त्यांनी टेबलावर पेन ठेवून, आवाज न चढवता परत पाठवली होती, तोही प्रसंग लिहिला. विशेषण एकही नाही. पाठवून दिलं.

सकाळी उत्तर आलं : 'दॅट वॉज क्वाइट नाइस.'

आता पंचाईत अशी की अमेरिकन माणसाचं 'क्वाइट' म्हणजे सहसा 'खूपच', ब्रिटिश माणसाचं बऱ्याचदा 'ठीकठाक'. बाई जन्मानं ब्रिटिश, पण अर्धी नोकरी अमेरिकेत झालेली. आणि 'नाइस' कोणत्या शतकातलं, तेही विचारायचं राहिलंच.