स्प्रिंग परत आली नाही

चवथीला आठ दिवस राहिले होते आणि व्हीएसएमच्या, म्हणजे नमुन्याचं चुंबकन मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर मला हवा तसा लूप उमटला होता. लूप म्हणजे चुंबकीय क्षेत्राबरोबर चुंबकन कसं बदलतं त्याचा आलेख. उलट क्षेत्रात आधी लोखंडाचा खांदा, म्हणजे पहिली छोटी उतरण, मग बऱ्याच पुढे समारियम-कोबाल्टची उतरण. मी माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीला म्हटलं, "झालं. लिहायला घे." वाळपईची मुलगी, फार बोलत नाही. म्हणाली, "मॅडम, रिकॉइल घेऊया का? अर्धा दिवस लागेल."

मला राग आला.

समारियम-कोबाल्ट हट्टी चुंबक. उलट क्षेत्राला सहज दाद देत नाही, पण त्याचं चुंबकन लोखंडाच्या निम्म्याच्या आसपास. लोखंड २.१५ टेस्लापर्यंत जातं, पण जरा उलट ढकललं की फिरतं. दोघांचे नॅनोमीटर जाडीचे थर एकावर एक बसवले, तर सीमेवरचं लोखंड हट्टी थराला धरून राहतं आणि वरचं हळूहळू वळतं. थराला पीळ पडतो. क्षेत्र काढलं की पीळ सुटतो आणि चुंबकन परत येतं. क्नेलर आणि हाविग यांनी १९९१ मध्ये मांडलेलं एक्स्चेंज स्प्रिंग चुंबक ते हेच.

पण दोन थर एकमेकांना मुळीच धरून नसले तरी लूपला खांदा येतो. फक्त तो शून्य क्षेत्राच्या जवळ येतो. माझा जवळच होता. लोखंड जाड पडलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. खांदा ज्या क्षेत्राला येतो ते जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं, त्यामुळे कारण पटण्यासारखं होतं.

रिकॉइल म्हणजे खांदा ओलांडायचा, दुसऱ्या उतरणीच्या आधी थांबायचं आणि क्षेत्र शून्यावर आणायचं. जूनमधला नमुना जवळजवळ होता तिथे परतला होता. हा खालीच राहिला. रेघ आडवी.

मग नमुने बनवतानाच्या नोंदींची वही उघडली. समारियम-कोबाल्ट तापलेल्या पायावर बसवतात, आणि लोखंड टाकण्याआधी पाया निवू द्यावा लागतो, नाहीतर थर एकमेकांत मिसळतात. नेमक्या त्या थांब्यात, "२.१० वीज गेली, २.४५ आली." पंप थांबला, निर्वात चेंबरचा दाब १० च्या उणे ६ व्या घाताइतक्या टॉरपर्यंत (टॉर हे दाबाचं एकक) चढला. त्या दाबाला पृष्ठभागावर सेकंदाला साधारण एका रेणूच्या जाडीचा थर भरेल इतके रेणू आदळतात. सगळे चिकटत नाहीत, पण ३५ मिनिटं म्हणजे २१०० सेकंद, आणि पावसाळ्यात आमच्या चेंबरच्या भिंती पाणीच सोडत असतात. समारियमला तेवढा ऑक्सिजन पुरे. थरांमधली पकड दोन-चार अणूंच्या अंतरावर चालते. मध्ये मळ बसला की संपली.

त्या नोंदीखाली माझी सही होती.

यंत्राला पैसे मंजूर होतात. पंप आणि चिलर धरून ठेवणारा यूपीएस मी तीन वर्षं मागतेय, आणि दर वेळी तो "अनावश्यक" ठरतो.

तिला विचारलं, वीज गेल्याचं तोंडाने का नाही सांगितलंस? "वहीत लिहिलं होतं, मॅडम." एवढंच. मागच्या महिनाभरात ती माझ्याकडे काही सांगायला आली आणि मी मान वर न करता सही केली, असं किती वेळा झालं असेल, ते मी आठवून बघतेय.

रिकॉइल न घेतलेले अकरा लूप माझ्याकडे आहेत. त्यांतले दोन छापून आलेत. नमुने डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, आहेत. चवथ झाल्यावर एकेक करून आम्ही ते व्हीएसएमवर चढवणार आहोत, छापलेले दोन आधी.